कपाशीमागची ज्वारी

इंग्रजी अमदानीत वर्धा जिल्ह्याची जमीन मोजली गेली तेव्हा तिची प्रत ठरवायला महसूल अधिकाऱ्यांना नवे शब्द शोधावे लागले नाहीत. शेतकऱ्यांच्या तोंडी होते तेच त्यांनी दप्तरात उतरवले: काळी, मोरंड, खरडी, बरडी. काळी म्हणजे खोल, चिकण, पावसाळा सरल्यावरही महिनोन्‌महिने ओल धरून ठेवणारी. मोरंड तिच्या खालोखाल, चुनखडीचे खडे मिसळलेली. खरडी पातळ. बरडी तर मुरमावर पसरलेला वीतभर थर, कुदळ मारली की खाली लगेच दगड. हिंगणघाट, देवळी, समुद्रपूर या बाजूला काळी-मोरंड जास्त. आर्वी, आष्टी, कारंजा हा वरचा पट्टा चढउतारांचा, तिथे खरडी आणि बरडी.

ही प्रतवारी आधी सांगायचे कारण असे की, वर्ध्याला दुष्काळी म्हणावे असा इथला पाऊस नाही. वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूरला त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक मिळतो. आकड्यांवरून पाहिले तर इथे पाण्याचा ताण सोसणाऱ्या धान्याची गरजच काय, असे वाटेल. पण पीक सरासरीवर जगत नाही. जुलैत चार दिवसांत कोसळलेले पाणी बरडीवरून नाल्यात जाते, मग ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो, आणि काळ्या रानात पीक जेमतेम सुकल्यासारखे दिसत असताना बरडीवरचे पार करपून जाते. कधी पाऊस हस्तापर्यंत टिकतो, कधी सप्टेंबरच्या मध्यालाच पाठ फिरवतो. वर्ध्याचा दुष्काळ असा हंगामाच्या मध्ये आणि शेवटी येतो, आणि एकाच गावात धुऱ्याच्या या बाजूला येतो, त्या बाजूला येत नाही.

अशा पावसाशी ज्याने जमवून घेतले ते धान्य म्हणजे ज्वारी.

ज्वारीचे मूळ घर आफ्रिकेत, आजच्या सुदानच्या पूर्वेकडे. तिथून ती भारतात आली त्याला काही हजार वर्षे झाली. दख्खनच्या काळ्या मातीत ती इतकी मुरली की तिचे परदेशी मूळ कोणाच्या ध्यानीही येत नाही. पाणी तुटले की ती काय करते हे ज्याने तिच्या शेतात डवरा हाकला आहे त्याला माहीत असते. पाने आतल्या बाजूला गुंडाळून घेते, म्हणजे उन्हाला तोंड देणारी जागा कमी होते. दांड्यावर आणि पानाच्या देठावर पांढरी मेणचट भुकटी असते, बोट फिरवले तर बोटाला लागते. ती आतले पाणी उडू देत नाही. मुळे दीड-दोन मीटर खोल जातात. आणि पाणी अगदीच संपले तर ती वाढ थांबवून उभी राहते, पाऊस आला की पुन्हा पुढे चालू लागते. मका असे थांबू शकत नाही. या थांबण्याची एक बाजू घातक आहे. पाण्याविना कोमेजलेल्या कोवळ्या ज्वारीत विषारी द्रव्य साठते, आणि भुकेल्या जनावराने त्या फुटव्यात तोंड घातले तर ते तिथेच आडवे होऊ शकते. खंडाच्या दिवसांत गुराख्याला ज्वारीच्या शेतापासून गुरे लांब ठेवायला सांगत ते यासाठी.

पण विदर्भातल्या जुन्या देशी ज्वारीचा खरा गुण मुळांपेक्षा तिच्या वेळापत्रकात होता. ही ज्वारी दिवसाच्या लांबीकडे पाहून निसवत असे. पेरणी मृगात झाली काय आणि पाऊस लांबल्याने जुलैत झाली काय, दिवस लहान होऊ लागले की सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात शेतातली सगळी ज्वारी थोड्याफार अंतराने कणसावर येई. त्या सुमाराला विदर्भातून पाऊस परतीला लागलेला असे. म्हणजे दाणा भरायचा तो कोरड्या हवेत, जमिनीतल्या उरल्या ओलीवर. दाणा पांढरा, टणक, चकचकीत निघे. नोव्हेंबर-डिसेंबरात कापणी. ताट एवढे उंच की उभ्या माणसाने हात वर केला तरी कणीस हाती लागू नये. सावनेर, रामकेळ, ऐसपुरी ही त्या काळच्या वाणांची नावे शेतीशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत सापडतात. यातले सावनेर तर शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या गावाचे नाव आहे.

हे वाण कोणा एकाने घडवले नाहीत. कापणीच्या वेळी घरातली जाणती बाई किंवा म्हातारा शेतकरी खळ्यावरच्या ढिगातून कणसे निवडून बाजूला काढी: भरलेली, कीड नसलेली, एकसारख्या दाण्याची. ती जुडी बांधून चुलीच्या वर आढ्याला टांगली जाई. धुराने कीड लागत नसे, आणि पुढच्या मृगापर्यंत बी तिथेच राही. दुष्काळी वर्षी निवड आपोआप कडक होई, कारण बरडीवर जी ताटे कणसापर्यंत पोहोचली तीच निवडायला उरत. शेकडो वर्षे, हजारो घरांत चाललेले हे काम आज पैदासशास्त्र ज्याला निवड म्हणते तेच होते. त्याची नोंद कोणी ठेवली नाही, म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही.

ज्वारीवर इथले सगळे उभे होते. भाकर, कण्या, आंबील, लाह्या, थंडीतला हुरडा. धान्य पेवात साठवलेले. सालदाराच्या सालात रोकड्याबरोबर ज्वारीचा वाटा ठरलेला. आणि धांडे, म्हणजे कडबा, जनावरांसाठी. आर्वी-आष्टी-कारंजा भाग गवळाऊ गुरांचे घर. पांढरी, अंगाने सडसडीत, चालीला वेगवान अशी ही बैलांची जात मराठ्यांच्या फौजांच्या वाहतुकीत वापरली जाई. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला या जातीच्या संगोपनासाठी सरकारी क्षेत्र आहे. उन्हाळ्यात जेव्हा रानात काही नसते तेव्हा ही गुरे ज्वारीच्या कडब्यावर जगत. शेतकऱ्याच्या हिशेबात दाणा आणि धांडा ही दोन पिके होती, एक माणसाचे आणि एक बैलाचे.

मग कापूस आला. म्हणजे तो होताच, पण आता तो पुढे बसला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस बंद झाला, आणि वर्धा खोऱ्यातल्या हिंगणघाटी कापसाला सोन्याचा भाव आला. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा काढला गेला तो १८६२ मध्ये. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नाक नावाचा खास कापूस आयुक्त नेमला गेला. ज्वारीसाठी असा आयुक्त कधी नेमला गेला नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तरीही ज्वारी हटली नाही, कारण कपाशीलाही तिची गरज होती. एका वर्षी कपाशी, दुसऱ्या वर्षी ज्वारी, मध्ये तुरीची तासे, अशी फेरपालट इथल्या शेतकऱ्याने बसवली होती. कपाशी रोकड देई, ज्वारी घर आणि गोठा चालवी. भाव चढला की कपाशीचे क्षेत्र वाढे, ज्वारीचे घटे, आणि मग पाऊस चुकला की धान्य बाहेरून आणावे लागे. १८९९ चा पाऊस देशभर गेला. कापूस आणि ज्वारी दोन्ही बुडाली. जिल्ह्यात दुष्काळी कामे काढावी लागली, आणि १८९१ ते १९०१ या दशकात वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी कमी झाली. वर्ध्याच्या देशी ज्वारीलाही सोसण्याची सीमा होती, आणि ती त्या वर्षी ओलांडली गेली.

त्यानंतर सरकारने शेतीकडे जरा शास्त्राच्या डोळ्याने पाहायला सुरुवात केली. नागपूरचे शेती महाविद्यालय १९०६ मध्ये सुरू झाले. कापसावर भर राहिला, पण ज्वारीसाठी एक साधे काम झाले आणि ते फार मोलाचे ठरले. ज्वारीला काणी लागते. दाण्याच्या जागी काळ्या भुकटीची पिशवी तयार होते आणि खळ्यावर मळताना ती भुकटी चांगल्या बियाण्याला चिकटते. पेरणीआधी बी मोरचुदाच्या पाण्यात बुडवून सुकवले तर ही काणी टळते, हे शेती खात्याच्या माणसांनी गावोगाव दाखवले. पुढे मोरचुदाची जागा गंधकाने घेतली. शेतकऱ्याने ते लगेच उचलले. त्यात त्याचे बी बदलायचे नव्हते.

बी बदलण्याचे, म्हणजे निवडून सुधारण्याचे काम महाराष्ट्रात पहिल्यांदा ठसठशीत झाले ते वर्ध्यापासून दूर, सोलापूर जिल्ह्यात मोहोळला. मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीचे प्रयोग १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला सुरू झाले होते, आणि १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू संशोधनाचे केंद्र उभे राहिले. त्याच दशकात मोहोळच्या क्षेत्रावर मालदांडी या स्थानिक रब्बी ज्वारीच्या कणसांतून एक-एक कणीस वेगळे पेरून, पिढ्यान्‌पिढ्या पडताळून, एक ओळ पक्की केली गेली: मालदांडी ३५-१. शेतकऱ्याची आढ्याला टांगलेली जुडी आणि ही पद्धत यांत फरक एवढाच की इथे प्रत्येक कणसाची संतती स्वतंत्र ओळीत पेरून वहीत नोंदली जात होती. हा वाण नव्वद वर्षांच्या घरात पोचला आहे, आणि अजूनही रब्बी ज्वारीत त्याची जागा पूर्णपणे घेईल असे काही निघालेले नाही. पाऊस संपल्यावर पेरायची, हिवाळ्यातल्या दवावर आणि मातीच्या ओलीवर वाढायची, आणि तरी मोत्यासारखा दाणा द्यायचा, हे गणित त्या बीजात आधीच सुटलेले होते. संशोधकांनी ते ओळखले आणि त्याला हात लावला नाही. पैदासकाराच्या कामात ही समज विरळा.

याच काळात वर्धा शहर देशाच्या राजकारणाच्या मध्यभागी आले. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा कामाला लागले. १९३६ मध्ये गांधीजी शेजारच्या सेगावला राहायला आले. पुढे ते सेवाग्राम झाले. मगनवाडीत जाती, घाण्या, हातसडीच्या तांदळावर प्रयोग चालत, पण कुमारप्पांचा एक विचार थेट ज्वारीच्या शेतापर्यंत जातो. एखाद्या भागातल्या माणसांना धान्य, डाळ, तेल, भाजी, कापड किती लागते याचा हिशेब करून त्या प्रमाणात जमीन पिकांना वाटून द्यावी, नुसत्या बाजारभावावर सोडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. संतुलित शेती असे ते म्हणत. मगनवाडीच्या चहूबाजूंना कपाशी पसरलेली असताना त्यांनी हे मांडले, आणि ते कोणी अमलात आणले नाही.

ज्वारीचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते १९६० नंतर, आणि त्याची किल्ली टेक्सासमध्ये होती.

ज्वारीचे फूल लहान. एका कणसात हजारो फुले, प्रत्येकात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही. फुलोरा कणसाच्या शेंड्यापासून खाली उतरत जातो, त्याला आठवडा लागतो, आणि फुले उमलतात ती रात्री उशिरा किंवा पहाटे. दोन वाणांचा संकर करायचा तर पैदासकाराला उमलण्याआधी एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात, मग त्या कणसावर कागदी पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हव्या त्या वाणाचा पराग त्यावर झटकायचा. अशा रीतीने संशोधनापुरते दाणे मिळतात. हजारो एकरांना पुरेल इतके संकरित बी मिळत नाही. १९५४ च्या सुमारास टेक्सासमध्ये जे. सी. स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मायलो आणि काफिर या दोन प्रकारांच्या संकरातून अशी ज्वारी मिळाली की जिचा पराग वांझ असतो आणि हा गुण आईकडून उतरत राहतो. चिमट्याचे काम निसर्गानेच केले. वांझ परागाच्या ओळींशेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी पेरल्या की वाऱ्याने आपोआप संकर होतो.

भारताने हे तंत्र उचलले आणि १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. त्याची आई अमेरिकेची काफिर-६०, बापही बाहेरूनच आलेल्या संग्रहातला. बुटका, सुमारे शंभर दिवसांत हाती येणारा, खताला प्रतिसाद देणारा. दिवस किती लांब आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते. पेरल्यापासून दिवस मोजायचे आणि कापायचे. दुष्काळावर त्याचा उपाय पळ काढण्याचा होता: पाऊस आटायच्या आत पीक पुरे करायचे.

महाराष्ट्राने हा वाण जितक्या वेगाने स्वीकारला तितका क्वचितच दुसरा स्वीकारला असेल. मुख्यमंत्री वसंतराव नाईक विदर्भातले, पुसदचे, हाडाचे शेतकरी. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, असे त्यांनी पुण्यात जाहीरपणे सांगितल्याचे आजही लोक सांगतात. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्येच महिको सुरू केली आणि संकरित बियाण्याचा धंदा महाराष्ट्रात रुजला. राज्याचे बियाणे महामंडळ, महाबीज, १९७६ मध्ये अकोल्याला आले. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चे, आणि त्याच सुमारास अखिल भारतीय समन्वित ज्वारी प्रकल्प एन. जी. पी. राव यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मायलो खावी लागली. ती चव ज्यांनी घेतली त्यांना स्वतःच्या पांढऱ्या ज्वारीची किंमत वेगळी सांगायची गरज उरली नाही. खरीप ज्वारीचे हेक्टरी उत्पादन पुढच्या पंधरा-वीस वर्षांत दुपटीहून अधिक वाढले, आणि हे श्रेय संकरित वाणांचे आहे. त्यात कुचराई करण्याचे कारण नाही. ज्या घरांत उन्हाळ्यात पेव रिकामे व्हायचे तिथे ते भरलेले राहू लागले.

वर्ध्यासारख्या हजार मिलिमीटरच्या जिल्ह्यात मात्र या वाणांनी एक गुंता निर्माण केला, आणि या सगळ्या कहाणीत समजून घ्यावा असा भाग हाच आहे.

शंभर दिवसांची ज्वारी जूनअखेर पेरली की सप्टेंबरअखेर पिकते. पाऊस लवकर गेला तर उत्तम. पण वर्ध्यात सप्टेंबरचा पाऊस बहुतेक वर्षी असतोच. कणीस भरत असताना चार दिवस झड लागली की दाण्यावर बुरशी येते. आधी गुलाबी, मग करडी, मग काळी. दाणा हलका होतो, भाकर काळपट आणि कडवट होते, बाजारात व्यापारी ढिगात हात घालतो आणि भाव पाडतो. जी घाई दुष्काळातून वाचवायला केली तीच घाई ओल्या वर्षी पिकाला पावसात नेऊन उभी करी. देशी ज्वारी ऑक्टोबरपर्यंत का थांबत होती, याचे उत्तर त्या काळ्या दाण्यांत होते.

दुसरी गोष्ट धांड्याची. बुटक्या ज्वारीने दाणा दिला पण कडबा कमी दिला, आणि तोही जाड आणि गुरांना कमी आवडणारा. ज्या जिल्ह्यात गवळाऊ बैल पोसायचे तिथे हे नुकसान कोणत्याही आकडेवारीत दिसत नसले तरी गोठ्यात दिसत होते. शिवाय नव्या ज्वारीवर खोडमाशीचा त्रास मोठा होता. पेरणी थोडी उशिरा झाली की कोवळ्या रोपाचा गाभा सुकून जाई.

तिसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. ज्वारीच्या फुलात अंडी घालणारी एक बारीक माशी आहे, मिजमाशी. पूर्वी साऱ्या शिवाराची ज्वारी एकाच वेळी निसवत असे, म्हणून माशीला वाढायला फार दिवस मिळत नसत. आता संकरित ज्वारी ऑगस्ट-सप्टेंबरात फुलू लागली, देशी ऑक्टोबरात. पहिल्या फुलोऱ्यावर माशीच्या पिढ्या वाढल्या आणि दुसऱ्या फुलोऱ्यावर, म्हणजे शेजाऱ्याच्या देशी ज्वारीवर, तुटून पडल्या. महाराष्ट्रात हे ठिकठिकाणी घडले. देशी वाण टिकवू पाहणारा शेतकरी एकटा पडला आणि त्यानेही संकरित बी आणले. देशी ज्वारी अशी शिवारातून निघाली. ती कमी पिकते म्हणून सगळ्यांनी ती टाकली, ही अर्धीच हकीकत आहे.

पैदासकारांनी या तक्रारी ऐकल्या, हे न्यायाने सांगायला हवे. सीएसएच-५ (१९७४) आणि सीएसएच-६ (१९७७) मध्ये बाप म्हणून सुदान-इथिओपियाच्या सीमेवरच्या झेराझेरा ज्वारीच्या रक्ताची सीएस-३५४१ ही ओळ घेतली गेली, दाणा सुधारला. ऐंशीच्या दशकात आलेल्या सीएसएच-९ ने विदर्भ-मराठवाड्यात घर केले. त्याच्या आईत, २९६ या ओळीत, कराडच्या स्थानिक ज्वारीचे रक्त आहे. टेक्सासच्या मार्गाने गेलेली पैदास अशी परत सातारा जिल्ह्यातल्या कोणा अनामिक शेतकऱ्याच्या कणसापाशी आली. अकोल्याच्या ज्वारी संशोधकांनी स्वतःच्या ओळींतून सीएसएच-१४ घडवला, तो १९९२ मध्ये आला. कमी दिवसांचा, हलक्या जमिनीला चालणारा. बरडी आणि खरडीचा शेतकरी प्रयोगशाळेच्या नजरेत आल्याचे हे लक्षण होते.

ही नजर नंतर रब्बी ज्वारीत आणखी स्पष्ट झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने एकच वाण सगळ्यांना देण्याऐवजी जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण सुचवायला सुरुवात केली. उथळ जमिनीला फुले अनुराधा आणि फुले माउली, मध्यमला फुले चित्रा आणि फुले सुचित्रा, खोल काळीला फुले वसुधा आणि फुले यशोदा. अकोल्याने भारी जमिनीसाठी पीकेव्ही क्रांती दिला, परभणीने परभणी मोती. काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी जी वाटणी वर्ध्याच्या शेतकऱ्याने पूर्वीच केली होती, तिच्याजवळ शास्त्र नव्या मोजपट्टीने पोहोचले.

जगभर ज्वारीवर आज ज्या गुणाचा सर्वांत जास्त अभ्यास होतो तो म्हणजे शेवटपर्यंत हिरवे राहण्याचा. दाणा भरताना पाणी तुटले की बहुतेक ताटांची पाने खालून वाळत येतात, दांडा पोकळ होतो आणि ताट कोसळते. काही ज्वारी मात्र हिरवी राहते. इथिओपियातल्या एका देशी ज्वारीतून हा गुण टेक्सासमध्ये बी-३५ या ओळीत आला, आणि तिच्यातले चार मुख्य जनुकीय भाग शास्त्रज्ञांनी ओळखून काढले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या अँड्र्यू बोरेल यांच्या गटाने यामागचे इंगित उलगडले: ही ज्वारी सुरुवातीला पानांचा पसारा आटोपता ठेवते, फुटवे कमी काढते, म्हणून फुलोऱ्याच्या आधी तिचे पाणी कमी खर्च होते आणि दाण्याच्या वेळी जमिनीत ते शिल्लक असते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये हे भाग भारतीय वाणांत आणण्याचे प्रयोग झाले. आणि हिरवे राहण्याचा गुण मालदांडी ३५-१ मध्येही आहे, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. मोहोळच्या निवडीत तो गुण कोणी नाव न देता उचलला होता.

एवढे सगळे घडत असताना वर्ध्यातली ज्वारी मात्र कमी होत गेली, आणि या घटीत दुष्काळाचा वाटा थोडा. १९६०-६१ मध्ये महाराष्ट्रात ६० लाख हेक्टरांहून अधिक ज्वारी होती. आज ती त्याच्या एक तृतीयांशाच्या आत आहे. विदर्भात तर खरीप ज्वारी जवळजवळ विरळच झाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून सोयाबीन आले. कमी मजुरी, ऑक्टोबरात रोकड, नंतर त्याच शेतात हरभरा. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला आणि भाकरीची जागा पोळीने घेतली. ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली, तशी कडब्याची ओढही गेली. बुरशी लागलेल्या काळ्या ज्वारीला उठाव नव्हता. २००७ च्या सुमारास सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले, तेव्हा अशा ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल असा युक्तिवाद झाला. १९७४ पासून दारूबंदी असलेल्या वर्ध्याला हा उपाय पटण्यासारखा नव्हता, आणि विदर्भातून त्याला कडाडून विरोध झाला.

त्याहूनही कठीण अडचण रानातून आली. पूर्वी शिवारभर ज्वारी असे, पाखरे आणि डुकरे सगळ्यांच्या शेतांत वाटली जात, माळ्यावर बसून गोफण फिरवणारी पोरेही सगळ्यांची असत. आता गावात एखाद्यानेच ज्वारी पेरली तर साऱ्या पंचक्रोशीतले पोपट आणि चिमण्या तिथेच उतरतात, रात्री रानडुकरे आणि रोही. सेलू तालुक्यात बोरच्या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्याचा आणि २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच्या आसपासच्या गावांत एकट्याने जागल करून ज्वारी राखणे हे एका कुटुंबाच्या आवाक्यातले काम राहिलेले नाही. दुष्काळ सोसणारे बी कितीही चांगले निघाले तरी रात्रीच्या डुकराला त्याचा काही फरक पडत नाही. ज्वारीच्या संशोधनावर पैसा खर्च करताना कुंपणाचा खर्चही त्याच ताळेबंदात धरला पाहिजे, आणि तो आजवर धरला गेलेला नाही.

अकोल्याच्या विद्यापीठाने कोरडवाहू शेतकऱ्यासाठी एक आंतरपीक पद्धत बसवली आहे: कपाशीची सहा तासे, ज्वारीचे एक, तुरीची दोन, पुन्हा ज्वारीचे एक. दहा तासांत ज्वारीला दोन तासे मिळतात. कपाशी बुडाली तर तूर असते, दोन्ही बुडाली तर घरापुरती ज्वारी आणि गाईपुरता धांडा असतो. वर्धा खोऱ्यातल्या आजोबा-पणजोबांच्या फेरपालटीचीच ही आखीव रूपरेषा आहे, आणि कुमारप्पांच्या हिशेबालाही ती एका शेतापुरती का होईना जवळची आहे. अडचण एवढीच की या दोन तासांसाठी वर्ध्याला हवी तशी ज्वारी बाजारात सहजी मिळत नाही. तिला उंच धांडा हवा, ऑक्टोबरात निसवायला हवे, झडीत काळी पडता कामा नये, आणि खरडीवर ऑगस्टचा खंड सोसायला हवा. पहिल्या दोन गुणांसाठी सावनेर-रामकेळच्या जातकुळीकडे परत जावे लागेल.

ते अशक्य नाही. इक्रिसॅटच्या जनुकपेढीत जगभरच्या ज्वारीचे जवळपास चाळीस हजार नमुने थंड खोल्यांत ठेवलेले आहेत. पेढीतून बी मिळते ते लहान पाकिटात, शंभर-एक दाणे. त्यातून उगवलेल्या प्रत्येक कणसावर फुलोऱ्याआधी कागदी पिशवी चढवली, म्हणजे शेजारच्या ज्वारीचा पराग मिसळला नाही, आणि पाखरांपासून राखले, तर एका देशी कणसातून चाळीस-पन्नास ग्रॅम दाणा निघतो. शंभर ताटांचे चार-पाच किलो होतात. ज्वारीला एकरी चार किलो बी लागते. म्हणजे पहिल्या पावसाळ्यात परसभर जागा पुरे, दुसऱ्या पावसाळ्यात एकराची पेरणी होते, आणि तिसऱ्यात गावाला वाटायला बी तयार असते. सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र, एखादी शाळा, एखादा बचत गट, कोणालाही हे करता येईल. पिशव्या चढवायला सकाळची वेळ लागेल आणि सप्टेंबरअखेरपासून कापणीपर्यंत राखणीला माणूस.